दोन वर्तुळांमधले गवत

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारचे जेवण झाले, तरी शालिकराम कापगते यांचे पाय एका जागी ठरेनात. भिलाईजवळच्या जुनवानीतल्या आपल्या लहानशा घराच्या ओसरीतून ते अंगणात जात, तिथे क्षणभर थांबत आणि पुन्हा ओसरीत येत. या अस्वस्थतेचे कारण विचारले असते तर त्यांना ते सांगता आले नसते. हाती घेतलेले काम पुरे झाले होते. त्या कामाचे प्रमाणपत्र त्यांनी सकाळीच सिविक सेंटरमधल्या एका दुकानातून लॅमिनेशन करून आणले होते आणि कुरणाच्या फाटकावर स्वतःच्या हाताने तारेने बांधून ते परतले होते. मग मन कशाला अडखळत होते?

भिलाईच्या उत्तरेस, कुरुद ओलांडून बरेच पुढे गेले की सेमरडीह नावाचे गाव लागते. त्या गावाच्या शिवेवर चुनखडीची एक जुनी खाण आहे. शालिकराम भिलाईच्या पोलाद कारखान्यात चौतीस वर्षे नमुने घेण्याच्या विभागात होते. भट्टीकडे जाणाऱ्या पट्ट्यावरून ठराविक अंतराने दगड उचलावा, त्याची पूड करावी, तपासावी आणि आकडा लिहावा, हे त्यांचे आयुष्य. त्या खाणीचा दगड त्यांच्या हातून इतक्या वेळा गेला होता की तिचे पोट त्यांनी न पाहताच ओळखले होते. पुढे दगड संपला आणि खाण बंद झाली. टाकाऊ मातीचे डोंगर सपाट करून, त्यांवर तळ्यातला गाळ पसरून, भूमिपुनर्वसनासाठी नेमलेल्या एका समितीने तिथे चाळीस एकरांचे कुरण उभे केले. पाणी खाणीच्या खड्ड्यातलेच. पंपाने वर चढवलेले ते पाणी अठ्ठेचाळीस फवाऱ्यांतून गोल गोल फिरत गवतावर पडे. ज्या भूमीचे काळीज माणसांनी खणून नेले, ती भूमी पुन्हा तृण धारण करते आहे, याचे शालिकरामांना अपार अप्रूप होते. म्हणूनच समितीने शेवटच्या पाहणीसाठी त्यांना बोलावले, तेव्हा कुलदेवतेचे निमंत्रण यावे तसे ते गेले.

दुसऱ्या दिवशी गोवर्धनपूजा होती. सेमरडीहची एकाहत्तर जनावरे त्या दिवशी प्रथमच त्या कुरणात शिरायची होती. त्यांनी शिरावे की नाही, हे ठरवणारा कागद शालिकरामांच्या सहीचा होता.

"अहो, कावून असे फिरून राहिले?" त्यांच्या पत्नी सिंधुताई आतून म्हणाल्या. "आले तव्हापासून पाहून राहिली मी. फरशी झिजून जाईन."

"काही नाही. जेवण जड झालं."

"दोन पोळ्यांनं?" त्या हातात झारी घेऊन बाहेर आल्या. "जड झालं तर काम करा थोडं. ही झारी पाहा. बोअरच्या पाण्यानं पार बुजली. दिवाळीच्या आधी व्हिनेगरमधे ठेवतो म्हणत होते तुम्ही. कोणती दिवाळी म्हणत होते, तेच इचारायचं राहिलं."

शालिकरामांनी झारी घेतली. तिच्या तोंडावरच्या बारीक छिद्रांपैकी निम्मी क्षारांच्या पांढऱ्या खापरीखाली गडप झाली होती. त्यांनी ती कोथिंबिरीच्या पेटीवर धरली. पाणी दूरवर पसरण्याऐवजी मध्येच एका जागी पडले.

"पाहा," सिंधुताई म्हणाल्या. "मधातली कोथिंबीर कशी फुलून आली, अन् कोपऱ्यातली बोटभर. वरून पाहिलं तर पेटी भरलेली दिसते. तोडाले गेलं की समजते."

शालिकराम वाकून पेटीच्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. तिथली रोपे खुरटी, गडद हिरवी, काहीशी जांभळट होती. मग त्यांनी झारी उचलून डोळ्यांजवळ नेली आणि अंगठ्याने ती पांढरी खापरी खरवडली. हीच खापरी त्यांनी दोन दिवसांपूर्वी सेमरडीहला फवाऱ्यांच्या तोट्यांवर पाहिली होती. नुसती पाहिली नव्हती, बोट फिरवून ते कौतुकाने म्हणाले होते, आपला जुना दगड अजून ओळख देतो आहे. खाणीचे पाणी म्हणजे विरघळलेली चुनखडीच. ते तोट्यांमध्ये साचणारच. तोटी बुजली की फवारा आखूड पडणार. फवारा आखूड पडला की एकमेकांना भिडणारी वर्तुळे सुटी होणार. आणि वर्तुळे सुटी झाली, तर त्यांच्या मधल्या जागेत काय उगवले असेल?

त्यांनी झारी खाली ठेवली. दुपारपासूनच्या येरझाऱ्यांना आता नाव मिळाले होते.

त्या कुरणात पहिल्या वर्षी जमीन झाकण्यासाठी गवताच्या बियांसोबत चाऱ्याची ज्वारी पेरली होती. भाद्रपदात तिची एक कापणी झाली आणि त्यानंतर तिला नवे फुटवे आले. यंदा हस्त नक्षत्र कोरडे गेले, म्हणून कुरणाचा सारा भार फवाऱ्यांवर आला. पाणी मिळालेली ज्वारी छातीला लागते, ती गुरांना निर्धास्त घालावी. पण कापणीनंतर तहानेने खुरटलेली, गुडघ्याखालची ज्वारी विषारी असते. शालिकरामांच्या मूळ मुलखात, पवनीकडच्या शेतकऱ्यांत तिला किरळ म्हणतात. शालिकराम दहा वर्षांचे असताना त्यांच्या वडिलांचा पाखऱ्या नावाचा बैल दावे तोडून अशाच खोडव्यात शिरला होता. पाणी आणायला गेलेला माणूस परत येईपर्यंत तो आडवा झाला होता. गुडघ्याखालची ज्वारी जनावराला दाखवायचीही नाही, हे वडिलांनी त्या दिवशी शिकवले. भिलाईच्या भोवताली सगळा मुलूख धानाचा. ज्वारीचे हे रूप इथल्या राऊतांना, म्हणजे गुराख्यांना, ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ठाऊक असलेला माणूस एकच होता, आणि प्रमाणपत्र त्यानेच लिहिले होते.

चूक कशी झाली हे त्यांना आता लख्ख दिसले. कारखान्यात नमुना नेहमी क्रमांकाच्या जागेवरच घ्यायचा असतो, म्हणजे दुसऱ्या माणसाला तो तिथूनच पुन्हा घेता येतो. कुरणात क्रमांक होते ते फवाऱ्यांच्या खांबांना. शालिकरामांनी एक ते अठ्ठेचाळीस या प्रत्येक खांबापाशी उभे राहून टेपने चारा मोजला आणि सरासरी काढली, चार फूट आठ इंच. आकडा निर्दोष होता. मात्र पाणी जिथून निघते तिथेच ते अठ्ठेचाळीस वेळा उभे राहिले होते. पाणी जिथे पोचत नाही त्या जागेला क्रमांक नव्हता, म्हणून तिथे ते गेलेच नव्हते.

त्यांनी अपेक्षाला फोन लावला. ती समितीची तरुण कृषी अधिकारी. तिचे वडील कारखान्यात शालिकरामांच्याच विभागात होते. दिवाळीसाठी ती राजनांदगावला मावशीकडे गेली होती.

"हॅपी दिवाली, काका."

"बेटा, दोन खांबांच्या मधात आपण मोजलं होतं का?"

"मधात? नाही. तुम्हीच म्हटलं ना काका, नंबरवर मोजायचं. मले तर ते आवडलं होतं. एकदम साइंटिफिक."

शालिकरामांनी तिला सगळे सांगितले. तिने पलीकडे टीव्हीचा आवाज बंद केला.

"रिपोर्ट तर अपलोड झाली, काका. लॅब सोमवारपर्यंत बंद. कमिटी का कोई फोन भी नहीं उठाएगा आज." मग तिचा आवाज बदलला. "तुम्हाले पक्कं माहीत आहे?"

"नाही. म्हणूनच जाऊन राहिलो."

"मी उद्या येते. सायनाइड पाहायच्या पिवळ्या पट्ट्या आहेत माझ्याजवळ. पण काका, तोपर्यंत..."

"तोपर्यंत मी पाहतो," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. कसे पाहणार, हे त्यांना ठाऊक नव्हते.

शेजारच्या घरात भय्याजी मेश्राम राहत. रेल्वेत इंजिनचालक म्हणून आयुष्य काढून ते निवृत्त झाले होते. त्यांच्या घरी बुद्धवंदना होई, लक्ष्मीपूजन नसे. शालिकराम फाटकात दिसताच त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवले.

"या शालिकभाऊ. आज तर तुमच्या घरी लक्ष्मी यायची. तुम्ही घर सोडून कोठी चालले?"

"भय्याजी, तुमची गाडी पाहिजे. सेमरडीहले जाचं आहे. आत्ता."

"आत्ता? फाटकावर कागद लावाले सकाळीच तर गेले होते. काढाले चालले का?"

हे ते सहज बोलले होते. मग त्यांनी शालिकरामांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले आणि ते किल्ली आणायला आत गेले.

वाटेत शालिकरामांनी सारी हकिकत सांगितली. कुरुदमध्ये फटाक्यांच्या दुकानांपुढे गर्दी होती. नव्या इमारतींच्या सावलीत बाया पणत्या विकत बसल्या होत्या. गाडी एकेका वाहनामागे थांबे, तसतसे शालिकरामांचे बूट गाडीच्या तळावर आपटत. नसलेला ब्रेक ते दाबत होते की नसलेला वेग वाढवत होते, हे सांगणे कठीण होते.

"पाय ठेवा जी एका जागी," भय्याजी म्हणाले. "चाळीस वर्षं गाडी हाकलली, पण बाजूचा माणूस इतका गाडी हाकलताना नाही पाहिला."

"चूक निघाली तर काय करू, भय्याजी?"

"मले कावून इचारता? सिग्नल लाल दिसला की ड्रायव्हर कोणाले इचारत नाही. गाडी थांबवते. मग लिहिणारे लिहितात, कावून थांबली ते."

कुरणाच्या फाटकावर प्रमाणपत्र उन्हात चकाकत होते. शालिकरामांनी त्याकडे पाहण्याचे टाळले. आत वाटेच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आणि गवत छातीएवढे उभे होते. वारा आला की एक दीर्घ लाट पार खड्ड्याच्या काठापर्यंत जाई. इतके सुंदर दृश्य की मागे फिरावे आणि मनातली शंका हे म्हातारपणाचे खूळ समजावे, असा मोह त्यांना क्षणभर झाला.

सतराव्या खांबापाशी ते थांबले. तोटीभोवती पांढरी खापरी होती. त्यांनी खांबाला हात लावून मनोमन नमस्कार केला आणि वाट सोडून अठराव्या खांबाच्या दिशेने थेट चाऱ्यात शिरले. पाती गालांना कापत होती. अकरा पावले उंच चारा होता. बाराव्या पावलाला समोरचे सगळे एकदम खाली गेले.

सतरा-अठराची आणि पलीकडच्या रांगेतल्या दोन खांबांची, अशा चार वर्तुळांच्या मधोमध राहिलेली ती जागा होती. तिचा आकार ताणलेल्या चार टोकांच्या चांदणीसारखा, आणि आत जेमतेम पोटरीपर्यंतची ज्वारी. पाने बारीक, गडद, कडांना जांभळी. बुंध्यापाशी मात्र कोवळ्या पोंग्यांची दाटी. चारही बाजूंनी उंच चारा असल्यामुळे वाटेवरून यातले काहीही दिसत नव्हते.

शालिकराम गुडघ्यांवर बसले आणि खिशातून टेप काढली. तीच टेप, तोच हात. नऊ इंच. दुसरीकडे अकरा. तिसरीकडे आठ.

मागून चारा बाजूला सारत भय्याजी आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "बापा. वावरात वावर लपलं."

"जनावर उंच चारा सोडून आधी हेच खाईन," शालिकराम म्हणाले. "कोवळं असते. गोड लागते."

"ही एकच जागा असन."

"पाहू."

एकच नव्हती. तेविसाव्या आणि चोविसाव्या खांबांमध्ये तेच. एकतीस आणि बत्तीसमध्ये तेच. चाळिसाव्या खांबापाशी भय्याजींनी वाटेवर बसकण मारली आणि ते म्हणाले, आता तुम्ही सांगाल ते खरे, मी मोजत नाही. शालिकराम मात्र शेवटपर्यंत गेले. सूर्य खड्ड्याच्या पलीकडच्या कड्याला टेकला होता आणि खाली ते हिरवट पाणी, ज्याने आजवर कुणाचे वाईट केले नव्हते, निश्चल पडले होते.

गावचा राऊत बिसाहू यादव आपल्या अंगणात बसून सोहई विणत होता. पळसाच्या मुळांचा वाख आणि मोरपिसे यांची ती माळ. गोवर्धनपूजेला राऊत ती गायीच्या गळ्यात बांधतो आणि त्या घराला आशीर्वाद देतो. बिसाहूच्या पुढ्यातली सोहई इतरांहून रुंद होती. ती कळपाच्या पुढे चालणाऱ्या धौरी नावाच्या पांढऱ्या गायीसाठी होती, आणि धौरी त्याची स्वतःची होती.

शालिकरामांनी उभ्यानेच सांगितले. बिसाहूने हात न थांबवता ऐकले. मग मान वर केली.

"बिहनिया त बने केहे रेहेव, बाबूजी. अब का होगे?"

सकाळी तर चांगले म्हणाला होतात, आता काय झाले? या साध्या प्रश्नाला शालिकरामांनी मनात रचून आणलेली सगळी उत्तरे अपुरी पडली. "माझं मोजायचं चुकलं," ते म्हणाले आणि तेच पुन्हा हिंदीत म्हणाले, कारण मराठीत बिसाहूला कदाचित कळले नसते आणि त्यांना ते न कळलेले चालणार नव्हते.

बिसाहूने सोहई खाली ठेवली. तो त्याच्या छत्तीसगढीत संथपणे बोलू लागला. इतकी वर्षे या जमिनीवर गुरे चारता आली नाहीत. आधी सुरुंग होते, मग धूळ, मग तारेचे कुंपण. माझा बाप या कुंपणाबाहेर उभा राहून म्हातारा झाला. उद्या गडवा बाजा वाजत फाटकापर्यंत जाणार आहे, सोयरे आले आहेत. आणि आज सांगता जाऊ नका. मी एक करतो. माझी धौरी आत्ता नेतो, त्या खुरट्या ज्वारीत सोडतो. काही झाले तर माझी गाय गेली. नाही झाले तर उद्या सगळी जातील.

तो खरेच उठला आणि खुंट्याकडे गेला. शालिकरामांनी पुढे होऊन धौरीचे दावे धरले. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी जे दावे तुटले होते, ते जणू आता त्यांच्या मुठीत आले होते.

"नको," ते म्हणाले. मग पाखऱ्याचे सारे सांगितले. कसे त्याचे डोळे फिरले, कसे पाय झाडले, आणि वडिलांनी त्याच्या तोंडातली पाती बोटांनी कशी ओढून काढली. सांगताना त्यांनी बिसाहूकडे पाहिले नाही, गायीकडे पाहिले. ती त्यांच्या बाहीला नाक लावून हुंगत होती. तिथे कुरणाचा वास होता.

बिसाहू खुंट्यापासून मागे फिरला.

"गरुवा मन ला का बताहूँ?" अखेर तो म्हणाला. गुरांना मी काय सांगू? आणि किंचित हसला. मग हसू मावळले. गुरे माझे ऐकतील, तो म्हणाला, माणसे ऐकणार नाहीत. उद्या मी फाटकात उभा राहून थांबा म्हणालो, तर म्हणतील देवारीची, म्हणजे दिवाळीची दारू जास्त झाली. कागद तुमचा आहे, बाबूजी. तुम्ही या. सर्वांसमोर, तुमच्या तोंडाने सांगा.

"येतो," शालिकराम म्हणाले.

परतताना त्यांचे पाय गाडीत स्थिर होते. अस्वस्थता कमी झाली नव्हती, ती फक्त पायांतून वर सरकून छातीत येऊन बसली होती. चौतीस वर्षांत त्यांच्या नोंदवहीत एकही दुरुस्ती नव्हती. विभागात नियम असा होता की चुकलेला आकडा पुसायचा नाही, गिरवून झाकायचा नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. हा नियम त्यांनी शेकडो नव्या माणसांना शिकवला होता. स्वतः वापरण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, आणि निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी नेमके तेच सर्वांना सांगितले होते.

संध्याकाळी सिंधुताईंनी पूजा मांडली. शालिकरामांनी हात जोडले, आरती म्हटली, प्रसाद घेतला. उद्या गावासमोर काय बोलायचे ते त्यांनी सिंधुताईंना आधीच सांगितले होते. प्रसादाची वाटी परत घेताना त्या म्हणाल्या, "उद्या मी येऊ का सोबत?"

"कशाले?"

"तुम्ही लोकांसमोर बोलता तव्हा हात मागे बांधता. अन् मग आवाज निघत नाही तुमचा. मी समोर उभी राहीन. हात सोडा म्हणीन."

दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता सेमरडीहच्या फाटकापुढे सारे गाव जमले होते. गडवा बाजाच्या तालावर राऊत नाचत होते. त्यांच्या हातांत रंगीत काठ्या होत्या आणि कमरेला घुंगरू. फाटकाच्या आत शेणाचा गोवर्धन रचायचा बेत होता. गुरांनी तो तुडवत कुरणात प्रवेश करावा आणि मग तेच शेण लोकांनी एकमेकांच्या कपाळी लावावे, अशी योजना. बिसाहूने मात्र तो सकाळीच फाटकाबाहेर, रस्त्यावर रचला होता. त्यावरून कुजबूज सुरू झालीच होती. पाठीमागे एकाहत्तर जनावरे उभी होती, रंगवलेल्या शिंगांची, आणि त्या सगळ्यांच्या माना कुंपणापलीकडच्या हिरव्याकडे ताणलेल्या होत्या.

बाजा थांबला. शालिकराम फाटकाला पाठ लावून उभे राहिले. त्यांचे हात मागे गेले. गर्दीत सिंधुताईंनी आपला हात किंचित वर केला. शालिकरामांनी हात सोडले.

"मी हा कागद लिहिला," ते हिंदीत म्हणाले. "यात लिहिलं आहे की चारा चार फूट आठ इंच आहे. ते खरं आहे, आणि तरी चूक आहे. मी फक्त पाण्याजवळ मोजलं. पाणी पोचत नाही तिथे मी गेलोच नाही. काल गेलो. तिथे चारा नऊ इंच आहे, आणि तो खाल्लेलं जनावर घरी परत येणार नाही."

मग मागून एक तरुण आवाज आला, "कागज भी साहब का, पलटी भी साहब की." बरेच जण हसले. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, आधी दगड नेला, आता गवतही दाखवून नेतात. यावर कुणी हसले नाही. ते शालिकरामांना अधिक लागले.

त्यांनी खिशातून पेन काढले आणि फाटकावरच्या कागदाकडे वळले. चार फूट आठ इंच, यावर रेघ ओढली. प्लास्टिकवर शाई उमटली नाही. पुन्हा ओढली. पेन घसरले. काल सकाळी पावसाने खराब होऊ नये म्हणून त्यांनीच तो कागद असा मढवून घेतला होता.

ते वळले. "विळा आहे का कोणाजवळ?"

बिसाहूने कमरेचा विळा काढून दिला. शालिकरामांनी त्याचे टोक प्लास्टिकवर टेकवले आणि आकड्याच्या मधोमध डावीकडून उजवीकडे, न थांबता, एक सरळ रेघ कोरली. करकर असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. रेघेखाली जुना आकडा स्पष्ट वाचता येत होता. त्यावर त्यांनी कोरले, नऊ इंच. शेजारी आपली सही. टोक दोनदा अडले, तरी त्यांनी सही अर्धी सोडली नाही. विळा उलटा धरून, मूठ पुढे करून, त्यांनी तो बिसाहूला परत दिला.

बिसाहू त्या रेघेकडे पाहत होता. त्याला अक्षरे येत नव्हती, पण सही काय असते हे ठाऊक होते, आणि माणूस दुसऱ्यांदा सही का करतो हेही बहुधा कळले असावे. तो धौरीकडे गेला. तिच्यासाठी विणलेली रुंद सोहई त्याच्या खांद्यावर होती. ती त्याने तिच्या गळ्यात बांधली नाही. फाटकाच्या दोन्ही दारांना एकत्र धरून त्याने ती कडीभोवती गुंडाळली आणि घट्ट गाठ मारली. राऊताने बांधलेली सोहई गावात कुणी सोडत नाही. तो गर्दीकडे वळला आणि बाजेवाल्यांना मान हलवून खूण केली.

बाजा सुरू झाला. धौरी रिकाम्या गळ्याने पुढे आली, रस्त्यावरच्या गोवर्धनावरून चालत गेली आणि बिसाहूच्या हाकेसरशी गावाकडे वळली. तिच्यामागे इतर. काही फाटकापाशी रेंगाळली, एकीने कुंपणातून जीभ आत घालून एक उंच पाते ओढायचा प्रयत्न केला, तिला भय्याजींनी हातातले वर्तमानपत्र झाडून हाकलले. मघाचा म्हातारा पुढे आला, वाकून त्याने चिमूटभर शेण उचलले आणि शालिकरामांच्या कपाळाला लावले. त्याचा चेहरा अजून रागीटच होता.

अपेक्षा पोचली तेव्हा रस्ता रिकामा होत आला होता. ती कुंपणाखालून वाकून आत गेली, सतरा आणि अठराच्या मधली मूठभर ज्वारी चुरगळून तिने बाटलीत भरली आणि तोंडाशी पिवळी पट्टी लटकवून बूच बसवले. मग ती शालिकरामांजवळ येऊन उभी राहिली. पट्टी आधी नारिंगी झाली, मग विटेच्या रंगाची.

"काका," ती हळूच म्हणाली, "बरोबर होते तुम्ही."

शालिकरामांनी पट्टीकडे एकदाच पाहिले. त्यांना वाटले होते की खात्री झाली की छातीतले ते सुटेल. ते सुटले नाही. त्यांची नजर धुळीत दूर जाणाऱ्या कळपावर होती आणि ओठ हलत होते.

"चला जी आता," सिंधुताई म्हणाल्या. "काय मोजून राहिले?"

"सत्तरच झाले," ते म्हणाले आणि कुंपणाच्या कडेकडेने चालू लागले. भय्याजींनी उसासा टाकला, वर्तमानपत्राची गुंडाळी केली आणि ते त्यांच्यामागे निघाले. वळणापाशी, चिंचेच्या झाडाआड, एक तांबडे वासरू पूजेत गुरांना भरवताना सांडलेली खिचडी चाटत उभे होते.

"एकाहत्तर," शालिकराम म्हणाले, आणि त्याच्या मानेवर हात ठेवून त्याला गावाच्या वाटेला लावू लागले.